दाढ काढल्यानंतर दुखणं वाढलं, जखम रेंगाळली तर काय करायचं

दाढ काढून घरी गेलेल्या पेशंटचा फोन येतो तो बहुधा तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. "मॅडम, काल चांगलं वाटत होतं. आज मात्र कानापर्यंत ठणका मारतोय. आत काही राहिलं का?" आवाजात दुखण्याहून भीती जास्त असते. बरेचदा आदली रात्र जागून काढलेली असते, कारण एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना कशाला त्रास द्यायचा, असं वाटलेलं असतं. मी दातांची डॉक्टर आहे. या फोनचा मला कधी त्रास वाटला नाही. काळजी वाटते ती न आलेल्या फोनची.

ज्यांची पहिल्यांदाच दाढ काढली आहे, किंवा ज्यांनी घरातल्या कुणाला दाढ काढून आणलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. कुठला त्रास घरी निभावतो, कुठल्या त्रासाला फोन करायचा आणि कुठल्या त्रासाला थेट हॉस्पिटल गाठायचं, एवढं कळलं तरी निम्मी भीती जाते.

आधी एक वही घ्या

"दुखतंय का?" असं मी पेशंटला विचारतच नाही. हाडात घट्ट बसलेला दात काढलाय, दुखणारच. मी विचारते, "कालच्यापेक्षा आज कमी आहे की जास्त?" या एका उत्तरात निम्मं निदान असतं.

दाढ सहज निघाली असेल तर दुखणं दुसऱ्या दिवसापासून उतरणीला लागतं. हिरडी उघडून, थोडं हाड कापून काढलेली अक्कलदाढ असेल तर तीन-चार दिवस जातात. सूज तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सगळ्यात जास्त दिसते, त्यामुळे तेव्हा आरशात गाल बघून घाबरू नका. पण उतरायला लागलेलं दुखणं पुन्हा चढू लागलं, तर ते अंगावर काढायचं नाही.

हे आठवणीवर सोडू नका. दुखणाऱ्या माणसाला काल किती दुखत होतं ते नीट आठवत नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना वहीत तीन गोष्टी लिहा: दुखणं दहापैकी किती, शेवटची गोळी किती वाजता घेतली, आणि तोंड उघडून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये किती बोटं उभी मावतात. एरवी बहुतेकांची तीन बोटं मावतात.

खड्ड्यात काय चालू असतं

दात निघाल्यावर जबड्याच्या हाडात खड्डा राहतो. काही मिनिटांत तो रक्ताने भरतो आणि त्याची गुठळी होते. ही गुठळी म्हणजे घाण नव्हे, ती जखमेवरची पट्टी आहे. खालचं उघडं हाड आणि नसांची टोकं ती झाकून ठेवते आणि नवीन पेशी तिच्याच आधाराने आत सरकतात. पहिले दोन दिवस जेवढी म्हणून पथ्यं सांगितली जातात, ती सगळी या गुठळीला जपण्यासाठी असतात. जोरात चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, सिगारेट-तंबाखू नाही, जीभ किंवा बोट लावून बघायचं नाही.

साधारण आठवडाभरात गुठळीची जागा लालसर, कोवळं मांस घेऊ लागतं. तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी बरीचशी मिटते. आतलं हाड भरायला मात्र तीन ते सहा महिने लागतात. म्हणजे महिन्यानंतरही तिथे जिभेला खळगा लागतो, आणि त्यात काहीही वावगं नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावून आरशात बघितलं तर खड्ड्यावर पांढरट-पिवळट सायीसारखा थर दिसतो. लोकांना तो पू वाटतो. माझ्याकडे आलेला एक विशीतला मुलगा रोज रात्री कान साफ करायच्या काडीने तो थर खरवडून काढत होता. सकाळी थर पुन्हा यायचा, तो पुन्हा काढायचा. आठव्या दिवशी आला तेव्हा कडा लालबुंद झालेल्या आणि जखम पहिल्या दिवसासारखी ताजी. बिचारा जखम स्वच्छ ठेवतोय अशाच समजुतीत होता. तो थर म्हणजे जखम भरत असल्याची खूण आहे. पू असेल तर तो दाबल्यावर वाहतो, चवीला घाण लागतो, आणि त्याच्याबरोबर दुखणं किंवा सूज वाढत असते. नुसता थर असेल, दुखणं कमी होत असेल, तर हात लावू नका.

रक्त थांबत नसेल तर

पहिले २४ तास लाळ गुलाबी-लालसर येणं, उशीला डाग लागणं चालतं. थेंबभर रक्तही तोंडभर लाळेत मिसळलं की खूप वाटतं. वाहतं रक्त वेगळं. तोंड उघडल्यावर लगेच लाल रक्त साचतं, गिळावं लागतं, गॉज, म्हणजे जखमेवर दाबून ठेवायचं जाळीदार कापड, पाच-दहा मिनिटांत भिजून चिंब होतो. असं झालं तर या क्रमाने करा:

१. ताठ बसा. आडवं पडू नका, आडवं पडल्यावर रक्त जास्त येतं.

२. तोंडात जेलीसारखा मोठा, लोंबता गोळा झाला असेल तर तो ओल्या गॉजने अलगद पुसून घ्या. खड्ड्याच्या आत बोट घालू नका. बाहेर लोंबणारा हा गोळा रक्त थांबवत नाही, उलट त्याच्याआडून रक्त झिरपत राहतं.

३. स्वच्छ गॉजची जाड घडी करा, पाण्याने किंचित ओली करून पिळा आणि बरोबर खड्ड्यावर ठेवा. कोरडा गॉज गुठळीला चिकटतो आणि काढताना तिला घेऊनच येतो.

४. दात घट्ट आवळून अर्धा तास बसा. घड्याळ लावा. मध्ये उघडून बघायचं नाही, बोलायचं नाही. रक्त न थांबण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं, की माणूस दर दोन मिनिटांनी उघडून बघतो.

५. थांबलं नाही तर आणखी एकदा अर्धा तास. त्यानंतरही वाहत असेल तर डॉक्टरांना गाठा. रात्र असेल तर हॉस्पिटलचा तातडीचा विभाग. चक्कर येत असेल, अंगाला घाम फुटला असेल तर अर्धा तास मोजत बसू नका.

गॉज ठेवताना एक चूक हमखास होते. घडी लहान होते आणि दात एकमेकांवर टेकतात, त्यामुळे खड्ड्यावर दाबच येत नाही. घडी एवढी जाड हवी की आवळल्यावर समोरचा दात तिच्यावरच दाबला जाईल.

काही जणांना क्लिनिकमधून निघताना रक्त अजिबात नसतं आणि दोन-चार तासांनी सुरू होतं. भुलेच्या इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा रक्तवाहिन्या आकसून धरणारं औषध असतं. त्याचा असर संपला की असं होतं, आणि वरच्या उपायाने बहुधा थांबतं. आठवड्याभराने अचानक रक्त आलं तर मात्र जंतुसंसर्गाचा संशय घ्यायचा आणि दाखवून यायचं.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी ती मनाने बंद करू नये. हे मी हात जोडून सांगते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन किंवा त्यांच्यासारखी नवी औषधं चालू असताना दाढेतून रक्त थोडं जास्त वेळ झिरपेल, पण ते दाबून, टाका घालून, जागेवर औषध लावून थांबवता येतं. गोळी बंद केल्यामुळे हृदयात किंवा मेंदूत गुठळी अडकली तर ती अशी थांबवता येत नाही. वॉरफरिनवाल्यांनी आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीचा, ताजा रिपोर्ट सोबत ठेवावा.

तिसऱ्या दिवसाचा ठणका

आता त्या संध्याकाळच्या फोनकडे येऊ. दोन दिवस बरं वाटलं, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी खोल, सतत, हाडातून आल्यासारखा ठणका. खालची दाढ असेल तर तो कानात, कानशिलात, कधी डोळ्यापर्यंत चढतो. तोंडाला वास येतो, घाण चव लागते. नेहमीच्या गोळीने तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. ताप नसतो, नवी सूज फारशी नसते. आरशात खड्डा रिकामा दिसतो आणि तळाशी राखाडी-पांढरं हाड.

हे ड्राय सॉकेट. हे नाव क्रॉफर्ड या दंतवैद्याने १८९६ साली दिलं, ते आजही चालू आहे. गुठळी वेळेआधीच विरघळते किंवा निघून जाते आणि हाड उघडं पडतं. एरवीच्या दाढा काढल्यावर शंभरात साधारण दोन ते पाच जणांना हे होतं. खालच्या अक्कलदाढेत प्रमाण बरंच जास्त असतं. धूम्रपान करणारे, दाढ काढताना बरीच खटपट करावी लागलेले, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया आणि आधी एकदा ड्राय सॉकेट झालेले यांना धोका अधिक. पण सगळी पथ्यं पाळलेल्यांनाही ते होतं. "माझंच काहीतरी चुकलं" असं मनाला लावून घेऊ नका, आणि डॉक्टरांनी दाढ वाईट काढली असाही अर्थ काढू नका.

करायचं एकच, दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जायचं. डॉक्टर खड्डा कोमट सलाइनने हलक्या हाताने धुतात, अडकलेले अन्नाचे कण निघून जातात, आणि आत औषधाची पट्टी भरतात. या औषधात बहुधा युजेनॉल असतं, म्हणून लवंगेसारखा वास येतो. पट्टी भरल्यावर पाच-दहा मिनिटांत पेशंटचे खांदे खाली येतात, कपाळावरची आठी जाते. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागलेली माणसं मी बघितली आहेत, इतके ते थकलेले असतात. ही पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागते. पहिल्याच पट्टीने आराम पडला तरी दिलेली तारीख चुकवू नका. काही पट्ट्या विरघळत नाहीत आणि त्या आत राहिल्या तर नवीन त्रास होतो. सात ते दहा दिवसांत ठणका पूर्ण जातो.

ड्राय सॉकेट हा मुळात जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे नुसत्या अँटिबायोटिकने तो ठणका जात नाही. मेडिकलमधून आपल्या मनाने गोळ्यांचा कोर्स घेऊन चार दिवस वाट बघणारे बरेच असतात, ते चार दिवस फुकट दुखण्यात जातात. घरी लवंगेचं तेल खड्ड्यात ओतू नका. नेमकं किती आणि कुठे लागतंय ते कळत नाही आणि हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर धरून ठेवणं तर त्याहून वाईट, तिथली कातडी अक्षरशः जळून पांढरी पडते.

जाईपर्यंतची रात्र काढायची असेल तर डोकं दोन उशांवर उंच ठेवा, ठरलेल्या वेळेला गोळी घ्या आणि कोमट मिठाच्या पाण्याने हळू चूळ भरा. पेलाभर पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ पुरतं. पाणी तोंडात घ्यायचं, मान एका बाजूला कलती करून धरायचं आणि नुसतं बाहेर सोडायचं. खळखळून नाही. एरवीही २४ तास उलटल्यावर ही चूळ दिवसातून चार-पाच वेळा, जेवणानंतर, सुरू करायची असते.

पू, ताप आणि पसरणारी सूज

पहिल्या दिवशी अंग जरासं कोमट लागणं वेगळं. तीन दिवसांनंतर सूज कमी व्हायच्या ऐवजी वाढायला लागली, कडक आणि गरम लागायला लागली, पू आला, ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर जंतुसंसर्ग झालाय असं धरून त्याच दिवशी दाखवा. साठलेला पू बाहेर काढणं हा मुख्य उपचार. अँटिबायोटिक त्याच्या जोडीला असतं.

आणि पुढची लक्षणं दिसली तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. जिभेखालचा भाग सुजून जीभ वर उचलली गेल्यासारखी वाटणं, हनुवटीखाली आणि गळ्याला कडक सूज, थुंकीसुद्धा गिळता न येणं, आवाज जड होणं, आडवं पडल्यावर श्वास कोंडणं, डोळा सुजून बंद होणं. खालच्या दाढेचा संसर्ग जिभेखालच्या आणि हनुवटीखालच्या मऊ भागात उतरला की श्वासनलिकेवर दाब येतो. लुडविग या जर्मन डॉक्टरने १८३६ मध्ये या सुजेचं वर्णन केलं, म्हणून तिला लुडविग्ज अंजायना म्हणतात. क्वचितच होते. पण झाली तर तासांचा हिशेब असतो.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

तोंड उघडत नाही. अक्कलदाढेनंतर जबड्याचे स्नायू आखडतात आणि दीड-दोन बोटंच मावतात. एक-दोन आठवड्यांत सुटतं. पहिले दोन दिवस गालावर बर्फ, कापडात गुंडाळून, पंधरा मिनिटं लावायचा आणि तेवढीच विश्रांती द्यायची. त्यानंतर ओला शेक आणि दिवसातून पाच-सहा वेळा सोसेल तेवढंच तोंड उघडायचा सराव. जोर लावून नाही. तोंड उघडणं दिवसागणिक कमी होत असेल, सोबत ताप असेल, तर लगेच दाखवा.

ओठ किंवा जीभ बधिरच राहिली. खालच्या भुलेचा असर साधारण तीन ते पाच तास टिकतो. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ, हनुवटी किंवा जीभ बधिर असेल, मुंग्या येत असतील, तर फोन करून कळवा. खालच्या अक्कलदाढेच्या मुळांजवळून नस जाते, तिला सूज किंवा धक्का लागला की असं होतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत ते महिन्यांत हळूहळू परत येतं, पण सुरुवातीला नोंद झालेली असली तर सुधारणा मोजता येते आणि गरज पडल्यास वेळेत पुढच्या तज्ज्ञांकडे पाठवता येतं. तोवर गरम खाताना जपा, ओठ भाजलेला कळत नाही. लहान मुलांकडे भूल उतरेपर्यंत लक्ष ठेवा. बधिर ओठ ती गंमत म्हणून चावतात आणि संध्याकाळी जखम होते.

पाणी नाकातून येतं. वरच्या मागच्या दाढांची मुळं सायनसच्या, म्हणजे गालाच्या हाडामागच्या, नाकाला जोडलेल्या पोकळीच्या, अगदी लगत असतात. तिथे छिद्र पडलं तर प्यायलेलं पाणी नाकात येतं, किंवा श्वास सोडताना खड्ड्यातून हवा फुसफुसते. तोंड बंद, नाक दाबून हवा फुंकून बघू नका, त्याने छिद्र मोठं होतं. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, आणि डॉक्टरांना कळवायचं. छोटं छिद्र आपोआप मिटतं, मोठ्याला टाके घालावे लागतात.

काहीतरी टोचतंय. दोन-तीन आठवड्यांनी हिरडीतून बारीक, टोकदार काहीतरी वर येतं आणि जिभेला लागतं. "मूळ आतच राहिलं" असं सगळ्यांना वाटतं. बहुतेक वेळा तो खड्ड्याच्या कडेच्या हाडाचा कपचा असतो, शरीर तो बाहेर ढकलत असतं. बरेच आपोआप पडतात. पडला नाही तर डॉक्टर चिमट्याने काढतात, क्षणभराचं काम असतं. घरी सुई-पिन घेऊन बसू नका.

गालावर, कधी मानेपर्यंत, निळं-पिवळं पडतं, विशेषतः वयस्कर माणसांत. दिसायला भीतिदायक असलं तरी दहा-बारा दिवसांत जातं. विरघळणारे टाके आठवड्या-दोन आठवड्यांत सुटून पडतात, गिळले गेले तरी काही होत नाही. खालच्या अक्कलदाढेच्या खड्ड्यात अन्न अडकत राहिलं तर वाकड्या टोकाची प्लॅस्टिकची सिरिंज मिळते. कधीपासून वापरायची ते डॉक्टरांना विचारून घ्या, पहिल्या दिवसांत नको.

जखम भरतच नाही

दोन-तीन आठवडे झाले, दुखणं फारसं नाही, पण खड्डा तसाच, कडा मऊ, स्पर्श झाला की रक्त. अशा वेळी खड्ड्यापेक्षा माणसाकडे बघावं लागतं.

सगळ्यात आधी साखर. मधुमेह ताब्यात नसेल तर जखमेपर्यंत रक्तपुरवठा कमी पोचतो आणि जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात. सकाळी उपाशीपोटी तपासलेली साखर त्या एका दिवसाचं सांगते. एचबीए१सी मागच्या साधारण तीन महिन्यांचं सांगते, म्हणून आम्ही ती मागतो. आणि दाढ काढल्यावर नीट खाता येत नाही म्हणून जेवण अर्ध्यावर, पण साखरेची गोळी किंवा इन्सुलिन मात्र पूर्ण, असं करू नका, साखर एकदम उतरू शकते. मऊ, कोमट, न चावता गिळता येईल असं पण पोटभर खा आणि डोसबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.

दुसरं, तंबाखू, कुठल्याही रूपात. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि खड्ड्यात रक्तच पुरेसं येत नाही. किमान तीन दिवस, जमलं तर दोन आठवडे लांब राहा. ज्यांना हे जड जातं त्यांनी दाढ काढण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलावं. निकोटिनची सवय इच्छाशक्तीवर सोडून चालत नाही, तिच्यासाठी मदत मिळते.

तिसरं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते पेशंट आपणहून सांगत नाहीत. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याला एक गोळी घेणाऱ्या, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने एक इंजेक्शन घेणाऱ्या बायका खूप आहेत. "काही औषधं चालू आहेत का?" असं विचारलं की त्या बीपीची, थायरॉइडची गोळी सांगतात. सहा महिन्यांपूर्वी घेतलेलं इंजेक्शन त्यांच्या लेखी 'चालू औषध' नसतं. ॲलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड, डेनोसुमॅब ही त्यातली नावं. ही औषधं हाडाची झीज थांबवतात, आणि त्याच कारणाने जबड्याच्या हाडाची डागडुजी मंदावू शकते. क्वचित कुणाच्या खड्ड्यातलं हाड उघडंच राहतं. ते आठ आठवड्यांहून जास्त काळ उघडं राहिलं तर या औषधांमुळे जबड्याचं हाड मृत झाल्याचा विचार करतात. हा त्रास वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्यांदा २००३ साली नोंदला गेला. हाडांच्या ठिसूळपणासाठी छोट्या डोसमध्ये औषध घेणाऱ्यांना धोका कमी असतो. कॅन्सर हाडात पसरल्यामुळे मोठे डोस घेणाऱ्यांना बराच जास्त. मात्र ऐकून घाबरून इंजेक्शन टाळू नका. डेनोसुमॅबचा डोस लांबवला तर मणक्याची हाडं मोडण्याचा धोका असतो. दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेलं असेल तर ते किती वर्षांपूर्वीचं का असेना, दाढ काढण्याआधी सांगा. त्या भागातला रक्तपुरवठा कायमचा कमी झालेला असतो. स्टेरॉइड, केमोथेरपी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, अॅनिमिया हेही सांगण्याजोगं.

कधी कारण अगदी स्थानिक असतं. मुळाचा तुकडा, शेजारच्या दाताची कीड किंवा आत अडकलेला कण. एक्स-रेमध्ये ते कळतं. आणि एक शक्यता बोलायला जड वाटते तरी बोलायला हवी. तीन आठवड्यांनंतरही न भरणारी जखम, कडक कडा, खड्ड्यातून वर फुगणारं मांस, मानेत न दुखणारी गाठ, यात तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करावी लागते. दात हलत होता म्हणून काढला आणि तो हलण्याचं कारणच वेगळं होतं, असं घडतं. डॉक्टरांनी बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं, सुचवली तर ती पुढे ढकलू नका. बहुतेक वेळा ती साधीच जखम निघते, पण ते कळण्यासाठी तपासणी करावीच लागते.

गोळ्यांबद्दल

प्रौढ माणसाला, दुसरा आजार नसेल तर, आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम ही जोडी दाढेच्या दुखण्यावर उत्तम काम करते. आयबुप्रोफेन काहीतरी खाऊन घ्यायची. भूल पूर्ण उतरायच्या आधीच पहिली गोळी घेतलेली बरी. पॅरासिटामॉल दिवसाला एकूण ४ ग्रॅमच्या वर कधीच जाता कामा नये, आणि सर्दी-तापाच्या बऱ्याच गोळ्यांमध्येही ती असते हे विसरू नका. किडनीचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारं औषध, गरोदरपण, किंवा अशा गोळीने पूर्वी दमा उठलेला असेल तर आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको. दुखण्यासाठी ॲस्पिरिन घेऊ नका, रक्त थांबायला जास्त वेळ लागतो. अँटिबायोटिक दिलं असेल तर दिलेले दिवस पूर्ण करा. दिलं नसेल तर मागू नका, आणि घरात उरलेलं तर नकोच. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना आणि ते संपल्यावरही दोन-तीन दिवस दारू घेऊ नका.

फोन करताना काय सांगायचं

"खूप दुखतंय" एवढंच ऐकून मला काही ठरवता येत नाही. मागच्या महिन्यात एका मुलीने आपल्या आईसाठी फोन केला तो असा: "खालची उजवीकडची दाढ, काढून आज चौथा दिवस. परवा दुखणं दहापैकी तीन होतं, आज आठ. कानात कळ जातेय, वास येतोय. ताप नाही, सूज कमी झालीय, बोटं परवा दोन मावत होती, आज अडीच. आईला डायबेटिस आहे, सकाळची साखर १४०. शेवटची गोळी दोन वाजता." वही समोर ठेवून ती वाचत होती, मागून पान उलटल्याचा आवाज येत होता. तेवढ्यावरून मला कळलं, की हे ड्राय सॉकेट असावं, संसर्ग पसरत नाहीये, रात्र घरी निघेल. पुढची गोळी किती वाजता द्यायची ते सांगितलं आणि सकाळी पहिल्यांदा त्यांनाच आत बोलावलं.